सुट्टीतलं वाचन: ४० दिवस, २० मिनिटं

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे शिक्षणावरचं भाषण सुरू झालं की पहिल्या दोन मिनिटांत 'इक्रा' हा शब्द येतो. कुरआनचा सर्वांत आधी उतरलेला शब्द 'वाच' हा आहे, असं वक्ता सांगतो, सभागृहात माना डोलतात, टाळ्या पडतात. कार्यक्रम संपतो, सगळे घरी जातात आणि घरातल्या सातवीच्या मुलाच्या हातात त्या दिवशीही पुस्तक पडत नाही. म्हणून मी तो शब्द एकदाच उच्चारतो आणि पुढचा सगळा वेळ त्या सातवीच्या मुलासाठी ठेवतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला शाळा बंद होतील. जूनच्या मध्यावर उघडतील, विदर्भात आणखी उशिरा. म्हणजे साधारण सहा आठवडे. या सहा आठवड्यांत आपल्या मोहल्ल्यातली सहावी, सातवी, आठवीची मुलं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. काही मुलगे मामूच्या गॅरेजवर, बेकरीत किंवा कपड्याच्या दुकानात मदतीला जातात. मुली लहान भावंडं सांभाळतात, लग्नसराईच्या घरात भांड्यांपासून मेंदीपर्यंत सगळ्याला हात लावतात. काहीजण नानीच्या गावी जातात. बकरी ईद सुट्टीतच येते, तेव्हा आठवडाभर दुसरं काही सुचत नाही. आणि उरलेला वेळ मोबाइल. यातल्या कशालाच मी वाईट म्हणत नाही. गॅरेजवरही मूल शिकतं, लग्नघरातही शिकतं. पण या यादीत वाचन कुठेच नाही, एवढंच दाखवायचं आहे.

तुम्ही म्हणाल, सुट्टी आहे, राहू दे की. दहा महिने शाळेत वाचतातच. तर मग याच वयाच्या मुलांबद्दल मी का बोलतोय, ते आधी सांगतो.

चौथीपर्यंत मूल वाचायला शिकतं. पाचवी-सहावीपासून ते वाचून शिकायला लागतं. हा फरक मोठा आहे. सहावीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान यांचे धडे लांब होतात, वाक्यं लांब होतात, रोजच्या बोलण्यात नसलेले शब्द येतात. 'बाष्पीभवन', 'लोकप्रतिनिधी', 'अपूर्णांक'. ज्याचं वाचन अडखळतं त्याला आता एक विषय अवघड जात नाही, सगळेच जातात. गणितातलं शाब्दिक उदाहरणसुद्धा आधी वाचावंच लागतं. आणि हे मूल गप्प बसायला शिकतं. मागच्या बाकावर सरकतं. आपण म्हणतो, 'इसका पढ़ाई में दिल नहीं लगता.' खरं तर दिल लागण्याआधी डोळा लागावा लागतो, आणि तोच अक्षरावर ठरत नसतो.

'असर'च्या २०२४च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीत शिकणाऱ्या सुमारे ७१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येतो. म्हणजे दहापैकी जवळजवळ तिघांना येत नाही. ही शाळेत नाव असलेली मुलं आहेत. आठवीत आहेत. आता यापुढचा टप्पा पाहा. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण १४ वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. नववीला ते संपतं. फी, दूरची शाळा, दहावीची भीती, सगळं एकदम समोर येतं. सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेतच गेली नव्हती किंवा मध्येच गळाली होती. तेव्हापासून पटनोंदणीची परिस्थिती सुधारली, हे खरं. पण गळती रोखायची तर नववीच्या दारात उभं राहून चालत नाही. सहावी-सातवीत जे मूल वाचायला घाबरतं, ते नववीत शाळा सोडायला कारण शोधतं. मुलाला कामाचं कारण मिळतं, मुलीला लग्नाचं. आपण त्या कारणांशी भांडत बसतो.

आता थोडी आपल्या घरातली गोष्ट. आपल्या बहुतेक मुलांना रोज ठरलेल्या वेळी बसून वाचायची सवय आहे. कुठे? मकतबमध्ये. असर किंवा मगरिबनंतर तासभर, उस्तादांसमोर, मोठ्याने, रोज. नाजिरा शिकताना मूल दोन-तीन वर्षांत एक अख्खी लिपी आत्मसात करतं, उजवीकडून डावीकडे. मला ही पद्धत अनेक बाबतींत आवडते. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, रोज थोडंच, आणि समोर ऐकणारं माणूस. वाचन शिकवणाऱ्या जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला विचारा, तो याहून वेगळं फारसं सांगणार नाही.

पण एक गोष्ट त्यात बहुधा नसते. अर्थ. मूल उच्चार बरोबर करतं, पान पूर्ण करतं, आणि त्या पानात काय लिहिलंय ते त्याला माहीत नसतं. नाजिरा हे तिलावतीसाठी शिकवलं जातं, त्याचं स्थान वेगळं आहे आणि मी त्यावर टीका करत नाही. मला काळजी वेगळी वाटते. हीच सवय मूल शाळेत घेऊन जातं. इंग्रजी माध्यमातला आपला मुलगा धडा खाडखाड वाचतो, अब्बा खूश होतात. मधेच थांबवून विचारा, 'बेटा, काय झालं या गोष्टीत?' तो तुमच्याकडे पाहत राहतो. त्याच्या लेखी वाचन म्हणजे आवाज काढणं. अर्थ कळला पाहिजे, न कळल्यास थांबून विचारलं पाहिजे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तेव्हा मकतबची शिस्त घेऊ या आणि तिला अर्थाची जोड देऊ या. सुट्टीचा सगळा कार्यक्रम याच एका वाक्यात बसतो.

सुट्टीतल्या वाचनावर अमेरिकेत बरंच संशोधन झालंय. सुट्टीत मुलं किती मागे पडतात यावर तिथल्या अभ्यासकांमध्येही वाद आहेत, त्यात आपण जायला नको. दोन प्रयोग मात्र आपल्या कामाचे आहेत. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत एक साधी गोष्ट केली. सुट्टी लागण्याआधी पुस्तकांचा बाजार भरवला आणि प्रत्येक मुलाला हवी ती १२ पुस्तकं निवडून घरी न्यायला दिली. असं सलग तीन वर्षं. परीक्षा नाही, प्रकल्प नाही. तीन वर्षांनी ही मुलं वाचनात इतरांपेक्षा पुढे होती. ती प्राथमिकची लहान मुलं होती, पण त्यांनी काय निवडलं ते ऐका. थोर साहित्य नाही. त्या काळी गाजत असलेल्या एका पॉप गायिकेवरचं पुस्तक भराभर उचललं गेलं. संशोधकांनी ते काढून घेतलं नाही.

दुसरा प्रयोग जेम्स किम यांचा, तिसरी ते पाचवीच्या मुलांवरचा. काही मुलांना नुसती पुस्तकं दिली. काहींना पुस्तकं दिली आणि शिवाय मोठ्याने वाचणं, वाचलेलं समजलं का ते तपासणं, त्याबद्दल बोलणं हेही शिक्षकांनी शिकवलं. नुसती पुस्तकं मिळालेल्या गटात म्हणावा असा फरक पडला नाही. दुसऱ्या गटात पडला.

दोन्ही एकत्र ठेवा. मुलाच्या निवडीचं पुस्तक हवं, आणि त्या पुस्तकावर बोलणारं माणूस हवं. पुस्तकांचं कपाट देऊन उद्घाटनाचा फोटो काढला की काम संपत नाही.

आता हिशेब मांडतो, माझा पेशाच तो आहे. सहा आठवड्यांतले दोन-चार दिवस ईद, लग्न, प्रवास यांत गेले असं धरा. उरले ४० दिवस. रोज २० मिनिटं म्हणजे ८०० मिनिटं. सातवीचं मूल अडखळत वाचलं तरी मिनिटाला १०० शब्द धरायला हरकत नाही. झाले ८०,००० शब्द. मुलांचं १२० पानी पुस्तक, पानाला २०० शब्द, म्हणजे २४,००० शब्द. तर रोज २० मिनिटांत, कुणालाही न दमवता, एका सुट्टीत तीन पुस्तकं पूर्ण होतात. ज्या मुलाने पाठ्यपुस्तकाबाहेरचं एकही पुस्तक कधी संपवलेलं नाही, त्याच्यासाठी 'मी तीन पुस्तकं वाचली' हे वाक्य काय असेल याचा विचार करा.

पुढे तो डॉक्टर होवो, मेकॅनिक होवो की माझ्यासारखा सॉफ्टवेअरमध्ये येवो. लोकांना वाटतं आमचं काम टाइप करण्याचं आहे. दिवसाचा मोठा भाग वाचण्यात जातो. दुसऱ्याने लिहिलेला कोड, ग्राहकाची मागणी, बिघाडाचे अहवाल. आता कोड लिहून देणारी एआयची साधनं आली, त्यामुळे वाचणं उलट वाढलं. यंत्राने लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे ठरवायला ते समजून वाचणारा माणूस लागतोच. मोबाइलवर बोललेलं ऐकून काम भागेल असं मुलांना सांगू नका. भाडेकरार, बँकेचं कर्ज, दवाखान्याचा कागद, मतदार यादीतलं नाव, निकाहनामा. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या भरवशावर सही करतो.

मग नेमकं करायचं काय?

पहिलं, एक मूल धरा. पन्नास नाही, एक. बहीण, भाचा, शेजारच्या खालाचा मुलगा. त्याच्या अम्मीशी आधी बोला. वेळ त्यांनाच ठरवू द्या. गॅरेजवर जाणाऱ्या मुलाला रात्री जेवणानंतर जमेल, घरकाम करणाऱ्या मुलीला दुपारी. मुलीच्या बाबतीत त्या २० मिनिटांत तिला कुणी हाक मारायची नाही, एवढं अम्मीकडून कबूल करून घ्या. आपल्या घरांत मुलीच्या हातात पुस्तक दिसलं की तिला काम नाही असं समजतात.

दुसरं, भाषा. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, उर्दू किंवा सेमी-इंग्रजी, बाहेर हिंदी. कुठल्या भाषेतलं पुस्तक द्यायचं? ज्या भाषेतला विनोद वाचून मूल हसतं, त्या. इंग्रजी सुधारावं म्हणून न समजणारं इंग्रजी पुस्तक देऊ नका. एका भाषेत अर्थ लावायची सवय लागली की ती दुसऱ्या भाषेत जाते.

तिसरं, पुस्तक. मुलाला निवडू द्या. क्रिकेट, भुतं, डिटेक्टिव्ह, काहीही चालेल. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' अजून धावतोय. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी मराठीत आहेत. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', कलामांचं 'अग्निपंख', जपानी शाळेची गोष्ट सांगणारं 'तोत्तोचान' ही जरा सरावलेल्या मुलांना द्या. पैसे नसतील तरी अडत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी गोष्टी मोफत आहेत. छोट्या आहेत, म्हणूनच अडखळणाऱ्या मुलाने तिथून सुरुवात करावी. मोबाइल हातात असतोच, त्याला या कामाला लावा. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी 'बच्चों की दुनिया' हे मासिक आणि नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त उर्दू पुस्तकं आहेत. आणि राज्यात अनुदानावर चालणारी हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत. आपल्या गावातल्या वाचनालयाची पायरी आपल्यापैकी कितीजण चढलेत? मुलाला घेऊन जा, त्याच्या नावाने वर्गणी भरा. पहिल्यांदा तुम्ही सोबत असणं महत्त्वाचं आहे. टोपी घातलेल्या मुलाला किंवा हिजाब घेतलेल्या मुलीला त्या दारात आपण इथले नाही असं वाटू शकतं. तुम्ही बरोबर गेलात की वाटत नाही.

चौथं, बोलणं. रोज वाचून झालं की पाच मिनिटं. परीक्षेतले प्रश्न नकोत. प्रेमचंदांची 'ईदगाह' घ्या. हमीद मेळ्यात खेळणी सोडून दादीसाठी चिमटा घेतो. 'हमीदने काय विकत घेतलं?' हा परीक्षेचा प्रश्न झाला. 'तुझ्याकडे तेवढेच पैसे असते तर तू काय घेतलं असतंस? त्याने खेळणं घेतलं असतं तर तो वाईट मुलगा ठरला असता का?' इथून गप्पा सुरू होतात. आणि ज्या घरात अम्मीला किंवा दादीला वाचता येत नाही, तिथे मुलाने त्यांना वाचून दाखवावं. ऐकायला अक्षरओळख लागत नाही. मकतबमध्ये उस्ताद ऐकतात, घरी दादी ऐकेल. ती मधेच 'मग पुढे काय झालं?' विचारते, त्याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

पाचवं, एक वही. त्यात वाचलेल्या पुस्तकाचं नाव आणि दोन ओळी. आणि सुट्टीत नानीकडे गेलं की तिने सांगितलेली एक गोष्ट, तिच्याच बोलीत, लिहून आणायची. हे मी मुद्दाम सांगतोय, त्याचं कारण आता सांगतो.

मुलांना पुस्तक दिलं की एक अडचण येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मराठी पुस्तकांत आपलं मूल स्वतःला फारसं भेटत नाही. भेटलंच तर शत्रूच्या सैन्यात, किंवा मग एखाद्या प्रेमळ चाचाच्या भूमिकेत, दोन पानं. सातवीच्या मुलाला हे समजतं. ते विचारील, तेव्हा विषय बदलू नका. 'हे असं का लिहिलं असेल, तुला काय वाटतं?' असं विचारा. लेखकाशी मनात वाद घालणं हेही वाचनच आहे. आणि त्याला हेही सांगा की मराठी ही काही आपण उसनी घेतलेली भाषा नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली. चिपळूणजवळच्या मिरजोळीत वाढलेल्या हमीद दलवाईंनी 'इंधन' मराठीत लिहिली. सय्यदभाईंचं 'दगडावरची पेरणी', मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' आपल्याच घरांतल्या गोष्टी आहेत. ही मोठ्यांची पुस्तकं आहेत, ती तुम्ही वाचा. मुलांसाठी मात्र अशी पुस्तकं फार कमी आहेत. ती आकाशातून पडणार नाहीत. आज नानीची गोष्ट वहीत उतरवणारी एखादी मुलगीच उद्या ती लिहील.

काही आक्षेप तुम्हाला घरांत ऐकू येतील. 'गोष्टीची पुस्तकं म्हणजे टाइमपास, त्यापेक्षा नववीचं ट्यूशन लावा.' त्यांना सांगा, ट्यूशनमध्येही पुस्तक वाचावंच लागतं. 'वाह्यात गोष्टी वाचून मुलं बिघडतात.' त्यांना पुस्तक हातात द्या, म्हणावं आधी तुम्ही वाचा. वाचून झालं की बहुतेकांचा आक्षेप गळतो, आणि घरात दोन वाचणारे होतात. 'आमच्या घरात कुणी वाचलं नाही, काय अडलं?' या प्रश्नाला उत्तर देऊ नका, भांडण होतं. मुलाला त्यांच्यासमोर वाचायला बसवा.

शेवटी एका अनाथ मुलाची गोष्ट. १९०८च्या सुमाराला मुंबईच्या खेतवाडीत मामाकडे वाढणाऱ्या एका मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, मामा अमिरुद्दीन तय्यबजींना सांगता येईना. त्यांनी 'गप्प बस' म्हटलं नाही. चिठ्ठी दिली आणि मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखून दिला, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. देशाला पक्षी ओळखायला शिकवणारा माणूस.

सगळी मुलं सलीम अली होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. या गोष्टीतल्या दोन मोठ्या माणसांकडे पाहा. एकाने प्रश्न पुढे पाठवला, दुसऱ्याने कपाट उघडलं. दोघांचा मिळून किती वेळ गेला असेल? तुम्हाला तेवढंच करायचं आहे, रोज २० मिनिटं.

इथून उठण्याआधी मोबाइल काढा आणि त्या एका मुलाचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तर घरी फोन लावून विचारा, अम्मीला नक्की माहीत असेल. जूनमध्ये शाळा उघडतील त्या आठवड्यात आपण पुन्हा भेटू. तेव्हा भाषण नको. प्रत्येकाने आपल्या मुलाची वही घेऊन यायचं आणि त्यातली एक गोष्ट वाचून दाखवायची. जमलं तर त्या मुलालाच घेऊन या, वाचेल तेच.